‘होबॉय’ म्हणजे प्रत्येक वेळी ओबो नव्हे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत पाश्चात्त्य संगीतावर आणि भाषांतरित साहित्यावर अधूनमधून मजकूर येतो. अशा विषयांना जागा देणारी मराठी वृत्तपत्रे आता मोजकीच उरली असल्यामुळे तो मी आवर्जून वाचतो. त्या मजकुरात, आणि एकूणच मराठीत होणाऱ्या अशा लेखनात, एका वाद्याच्या जुन्या नावाबद्दल जो घोळ होतो त्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आज आपण ज्याला ओबो म्हणतो त्या, फुंकून वाजवायच्या पाश्चात्त्य लाकडी वाद्याला इंग्रजीत अठराव्या शतकात सर्रास ‘होबॉय’ म्हणत असत. फ्रेंच ‘ओबवा’ या शब्दाचे ते इंग्रजांच्या तोंडी बसलेले रूप. जुन्या इंग्रजी पुस्तकात हा शब्द आढळला की आपला लेखक किंवा भाषांतरकार कोश उघडतो, कोश ‘ओबो’ असे उत्तर देतो आणि तेच छापले जाते. (नुसत्या अक्षरांवरून ‘हॉटबॉय’ असे छापले जाण्याचा धोकाही असतोच, त्याविषयी न बोललेले बरे.) माझे म्हणणे इतकेच आहे की हे नाव वेगवेगळ्या काळी अगदी वेगवेगळ्या वस्तूंना, एवढेच काय माणसांनाही लागलेले आहे, आणि समोरच्या ओळीत त्यांपैकी कोण आहे हे ठरवायचे तर कोशाआधी त्या मजकुराचे साल आणि प्रसंग पाहिला पाहिजे.

‘ओबवा’ या शब्दाचे ‘ओ’ आणि ‘बवा’ असे दोन भाग आहेत. दुसऱ्याचा अर्थ लाकूड असा आहे. पहिल्याचा सरळ अर्थ ‘उंच’, आणि त्यामुळे हे वाद्य वरच्या पट्टीत वाजते म्हणून त्याला हे नाव मिळाले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. पंधराव्या शतकातील फ्रेंच आणि बर्गंडी दरबारांत मात्र वाद्यांची विभागणी आवाजाच्या जोरावर केली जात असे. कर्णे, नगारे आणि फुंकण्याची खणखणीत वाद्ये ‘ओ’ म्हणजे मोठ्या आवाजाची, तर वीणेच्या जातीची वाद्ये, ल्यूट आणि मऊ बासऱ्या ‘बा’ म्हणजे हळू आवाजाची. पहिल्या गटाची जागा मिरवणुकीत, वेशीवर आणि मेजवानीच्या सज्जात होती, दुसऱ्याची खासगी दालनात. ‘ओबवा’ हे मोठ्या आवाजाच्या गटातील लाकडी वाद्य, आणि त्या काळी हे नाव ज्याला होते ते वाद्य म्हणजे शॉम.

शॉम हे एकसंध लाकडाचे, खाली कर्ण्यासारखे पसरत जाणारे, दुपदरी पत्तीचे वाद्य आहे. त्याच्या पत्तीभोवती लाकडाची एक लहानशी वाटी बसवलेली असते. वादक ओठ त्या वाटीवर टेकवतो आणि पत्ती तोंडाच्या पोकळीत मोकळी सोडतो. ओठांचा दाब पत्तीवर फारसा पडत नसल्याने ती पूर्ण ताकदीने थरथरते आणि उघड्या मैदानातही दूरवर ऐकू जाते, परंतु त्याच कारणाने आवाज बारीक करणे, एखादी ओळ हळुवार संपवणे असल्या गोष्टी त्यावर फारशा साधत नाहीत. इंग्लंडमधील शहरांच्या पदरी असलेले ‘वेट्स’ नावाचे वादक हेच वाद्य वाजवीत, आणि सोळाव्या शतकापासून तेथे त्याला ‘होबॉय’ हे आयात नाव रूढ होत गेले.

शेक्सपिअरच्या नाटकांतील होबॉय तो हाच. १६२३ साली छापल्या गेलेल्या पहिल्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या संग्रहात, ‘मॅक्बेथ’च्या पहिल्या अंकाचा सहावा प्रवेश होबॉय आणि मशाली यांच्या सूचनेने सुरू होतो आणि सातव्याच्या आरंभी पुन्हा तीच वाद्ये वाजतात, मशालींच्या उजेडात वाढपी आणि नोकर ताटे घेऊन रंगमंचावरून जातात आणि राजा डंकन आत जेवायला बसलेला असतो. ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’च्या चौथ्या अंकात रात्रीच्या पहाऱ्यावरचे शिपाई चमत्कारिक संगीत ऐकतात, ते हवेतून येते की जमिनीखालून याविषयी आपसांत कुजबुजतात आणि अँटनीला सोडून त्याचा देव हर्क्युलिस निघून चालला आहे असा अर्थ लावतात, तिथली सूचना सांगते की रंगमंचाच्या तळाशी होबॉय वाजत आहेत. ‘हेन्री द फोर्थ’च्या दुसऱ्या भागात फॉल्स्टाफ शॅलोच्या हडकुळेपणाची थट्टा करताना म्हणतो की वरच्या सुराच्या होबॉयची पेटीसुद्धा त्याला वाड्याएवढी ऐसपैस झाली असती. शेक्सपिअर १६१६ साली वारला. आधुनिक ओबोचा पूर्वज म्हणता येईल असे वाद्य तेव्हा अस्तित्वातच नव्हते. या प्रवेशांच्या मराठी रूपांतरात ‘ओबोचे सूर’ असे लिहिले की वाचकाच्या कानात वाद्यवृंदातील एक करुण, नाजूक, जवळपास एकट्याने गाणारा सूर येतो. नाटककाराला अभिप्रेत होता तो दरवाजावर वाजणारा, सत्तेची आणि मेजवानीची जाहीर ग्वाही देणारा आवाज. तळघरातून तोच आवाज यावा यात अँटनीच्या प्रवेशाची सारी भीती आहे.

मराठी रंगभूमीला हा प्रश्न परका नाही. आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ केले त्याला आता १४० वर्षे उलटून गेली, आणि शेक्सपिअर मराठीत आणण्याची परंपरा त्यानंतर कधी खंडित झालेली नाही. तरीही संवादांवर जितका विचार होतो तितका रंगसूचनांवर होत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. ‘मॅक्बेथ’च्या त्या सूचनेत मी तरी ‘ओबो’पेक्षा ‘सनई’ पसंत करीन, आणि त्यातली अडचणही मला मान्य आहे. आपल्याकडे सनई वाजली की मंगलकार्य मनात येते. मात्र यजमानाने पाहुण्याच्या खुनाचा बेत चालवलेला असताना बाहेर मंगल वाद्ये वाजत असावीत, हे त्या प्रवेशाच्या प्रकृतीला अजिबात विसंगत नाही.

आता नव्या वाद्याकडे वळतो. सतराव्या शतकाच्या मध्यास, चौदाव्या लुईच्या दरबाराशी संबंधित वादकांनी आणि कारागिरांनी शॉमची फेररचना केली. लुली या दरबारी संगीतकाराच्या १६५७ सालच्या एका बॅलेत हे नवे वाद्य प्रथम वाजले असे पूर्वी ठामपणे सांगत. अलीकडचे अभ्यासक एका दिवसाचा किंवा एका माणसाचा शोध न मानता तीन-चार दशके चाललेली खटपट मानतात, आणि मला तेच अधिक पटते. ओतेतेर आणि फिलिदोर या दोन घराण्यांची नावे यात नेहमी येतात. त्यांपैकी ओतेतेर मूळचे नॉर्मंडीतील ला कूत्यूर-बुसे या गावचे. त्या परिसरात लाकूड कातण्याचा धंदा पिढीजात चालत आलेला होता. बासरीवादक मिशेल द ला बार याने सुमारे १७४० साली लिहिलेल्या टिपणात सांगितले आहे की लुलीच्या उदयाबरोबर जुनी वाद्ये मागे पडली, फक्त ‘ओबवा’ तेवढे टिकले, आणि तेही फिलिदोर व ओतेतेर मंडळींनी इतके लाकूड वाया घालवून ते मैफलीत बसण्याजोगे केले म्हणून. वाद्यनिर्मितीविषयी इतके खरे वाक्य मी क्वचितच वाचले आहे. त्या वाया गेलेल्या लाकडाचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, पण संशोधन म्हणजे काय हे त्यातून कळते.

बदल नेमके काय झाले ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. एकसंध नळीऐवजी वाद्य तीन सांध्यांत विभागले गेले, त्यामुळे आतले निमुळते छिद्र प्रत्येक तुकड्यात वेगळे आणि काटेकोर कोरता येऊ लागले. छिद्राची रुंदी कमी झाली, बोटांची भोके लहान झाली. पत्तीभोवतीची वाटी काढून टाकली गेली आणि ओठ थेट पत्तीवर आले. वादकाच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा बदल, कारण आवाज वाढवणे, मिटवणे, सूर किंचित चढवणे-उतरवणे हे सगळे त्याच्या ओठांच्या ताब्यात आले. वरचे सप्तक काढण्यासाठी स्वतंत्र कळ नव्हती; श्वासाचा जोर आणि ओठांची पकड एवढ्यावर ते साधावे लागे. अर्धस्वरांसाठी एकाच बोटाखाली दोन बारीक भोके शेजारी शेजारी पाडलेली असत, त्यांपैकी एक झाकायचे आणि एक उघडे ठेवायचे.

कळांची एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. या वाद्याला सुरुवातीला पितळेच्या किंवा चांदीच्या तीन कळा असत. त्यांपैकी सर्वांत खालच्या सुराची मोठी कळ मधोमध असून तिचे टोक पाकोळीच्या शेपटीसारखे दुभंगलेले असे, आणि दुसऱ्या एका सुराची लहान कळ डावीकडे एक व उजवीकडे एक अशी दोनदा बसवलेली असे. कारण साधे आहे. कोणता हात वर धरायचा याविषयी तेव्हा एकमत नव्हते आणि कारागीर दोन्ही प्रकारच्या गिऱ्हाइकांची सोय पाहत होता. अठराव्या शतकात डावा हात वर ही पद्धत पक्की झाल्यावर जोडीतील एक लहान कळ गळाली आणि वाद्य दोन कळांचे झाले. मोठ्या कळीचे दुभंगलेले टोक मात्र पुढेही कित्येक वर्षे तसेच घडवले जात राहिले, जरी त्याच्या एका फाट्याला आता कोणाचेही बोट लागत नव्हते. लाकूड बहुधा बॉक्सवूड, म्हणजे पिवळसर, घट्ट आणि बारीक रेषांचे. आजच्या ओबोचे काळे आफ्रिकी लाकूड आणि त्यावरचे कळांचे चांदीसारखे जाळे ही एकोणिसाव्या शतकातील पॅरिसची देणगी आहे.

नव्या वाद्यासाठी फ्रेंचांनी नवे नाव शोधले नाही, हेच सगळ्या गोंधळाचे मूळ. तोच शब्द जुन्या शॉमलाही होता आणि नव्या वाद्यालाही. कंबेर हा फ्रेंच संगीतकार १६७० च्या दशकात लंडनला गेला, त्याच सुमारास फ्रेंच वादकही तेथे पोहोचले, आणि इंग्रजांनी त्यांच्या हातातील वाद्याला नेहमीचेच ‘होबॉय’ नाव दिले. पर्सेल या इंग्रज संगीतकाराने १६८१ साली राजाच्या स्वागतगीतात ते वापरले. हँडेलचा तर त्यावर विशेष जीव होता. १७४९ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ग्रीन पार्कात झालेल्या आतषबाजीसाठी त्याने जे संगीत रचले त्याच्या मूळ मांडणीत २४ होबॉय, ‘बसून’ नावाची खर्जातली १२ लाकडी वाद्ये, ९ कर्णे आणि ९ हॉर्न होते. २४ होबॉयची विभागणी १२, ८ आणि ४ अशी तीन ओळींत केलेली आहे. राजाला तंतुवाद्ये नको होती, रणवाद्येच हवी होती. म्हणजे मैफलीत प्रवेश मिळाल्यावरही या वाद्याचा मैदानाशी असलेला संबंध सुटलेला नव्हता.

‘ओबो’ हे रूप आले कुठून, तर इटलीतून. सतराव्या शतकात फ्रेंच माणूस आपल्या वाद्याचे नाव ‘ओबवे’ असे काहीसे उच्चारीत असे. इटालियनांनी कानाला आले तसे ते ‘ओबोए’ म्हणून लिहून घेतले. पुढे फ्रान्समध्ये उच्चार बदलून ‘ओबवा’ झाला, पण इटालियन लिपीत जुना उच्चार गोठून राहिला. इटालियन ऑपेराच्या प्रभावाखाली ‘ओबो’ इंग्रजीत शिरला, काही काळ दोन्ही नावे शेजारी शेजारी नांदली आणि एकोणिसाव्या शतकात होबॉय मागे पडला. त्यामुळे १७०० ते १८०० या दरम्यानच्या संगीतविषयक मजकुरात होबॉय दिसला तर ‘ओबो’ लिहिण्यास हरकत नाही. तेथेही ‘तत्कालीन’ हे विशेषण जोडावे असे मला वाटते, कारण दोन कळांच्या त्या वाद्याचा आवाज आजच्या ओबोपेक्षा बसका आणि ऊबदार असतो.

या नावाची माणसे आहेत, असे मी वर म्हटले. जर्मन पलटणींमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस शॉम वाजवणाऱ्यांची जागा ओबो आणि ‘बसून’ यांच्या लहान ताफ्यांनी घेतली आणि वादकांना ‘होबोइस्ट’ म्हणू लागले. पुढे या ताफ्यांत हॉर्न आले, क्लॅरिनेट आले, शेवटी पितळी वाद्यांचीच बहुसंख्या झाली, तरी हुद्द्याचे नाव बदलले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीसुद्धा जर्मन पायदळात ट्रॉम्बोन वाजवणारा शिपाई कागदोपत्री ‘होबोइस्ट’च असे. म्हणून जर्मन चरित्रात किंवा सैन्याच्या नोंदीत हा शब्द आला तर ‘लष्करी वादक’ असे भाषांतर करावे. तो प्रत्यक्षात काय वाजवीत होता हे दुसरीकडून कळले तरच ते लिहावे.

खगोलशास्त्राची आवड असलेल्या आपल्या वाचकांना या संदर्भात विल्यम हर्शेल आठवेल. युरेनसचा शोध १३ मार्च १७८१ रोजी लावणारा हा माणूस हानोव्हरच्या पहारा-पलटणीतील वादकाचा मुलगा. स्वतः तो १७५३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षात, त्याच ताफ्यात भरती झाला. हास्टेनबेकच्या १७५७ सालच्या लढाईनंतर तो इंग्लंडला गेला, बाथमध्ये ऑर्गनवादक झाला आणि संगीताच्या शिकवण्यांतून मिळालेल्या पैशांवर आरसे घासत बसला. त्याच्या बाबतीत ‘ओबोवादक’ हे शब्दशः खरे आहे, कारण त्याने ओबोसाठी कॉन्चेर्तोही लिहिले. ‘सैनिक’ म्हणून त्याची ओळख करून देणे आणि ‘मैफलीतला कलावंत’ म्हणून करून देणे, दोन्ही अपुरे पडते. तो होबोइस्ट होता, आणि पलटणीच्या त्या पेशात शिस्त, पगार आणि संगीत तिन्ही एकत्र होती.

आता सर्वांत अनपेक्षित अर्थ: स्ट्रॉबेरी. मध्य युरोपच्या रानात वाढणाऱ्या, शास्त्रीय भाषेत ‘फ्रॅगारिया मोशाटा’ म्हणतात त्या कस्तुरीगंधी स्ट्रॉबेरीलाही इंग्रजीत होबॉयच म्हणत. फळांचे दांडे पानांच्या वर उंच उभे राहतात म्हणून हे नाव पडले, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. इथे ‘ओ’चा अर्थ खरोखरच उंच असा आहे आणि वाद्याशी काही देणेघेणे नाही. फळ लहान, जांभळट लाल, आणि गंध असा की टोपली झाकली तरी खोलीभर पसरावा. जेन ऑस्टिनच्या ‘एमा’ या कादंबरीत मिसेस एल्टन डॉनवेलच्या बागेत स्ट्रॉबेऱ्या वेचताना एका दमात बोलत सुटतात, त्यात होबॉय सर्वांत श्रेष्ठ, बाकीच्या तोंडातही घालवत नाहीत, पण होबॉय फार दुर्मीळ, असे सगळे येते आणि ऊन चढेल तसे त्यांचे मतही पालटत जाते. या ठिकाणी ओबो लिहिणाऱ्या भाषांतरकाराने स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात वाद्य पेरले असे म्हणावे लागेल.

होबॉय दुर्मीळ होत्या यात मात्र त्या बाईंचे चुकले नव्हते. या जातीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. नर झाडांना फुले येतात, फळ धरत नाही. युरोपातील माळी अशी ‘वांझ’ झाडे उपटून टाकीत आणि मग उरलेल्या झाडांनाही फळ का येत नाही म्हणून कपाळाला हात लावीत. हे कोडे उलगडले अंत्वान निकोला द्युशेन या व्हर्सायच्या मुलाने. त्याने १७६४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, चिलीहून आलेल्या मोठ्या फळाच्या स्ट्रॉबेरीच्या मादी झाडांवर कस्तुरी स्ट्रॉबेरीचे पराग घातले आणि लगडलेल्या फळांची कुंडी पंधराव्या लुईला नजर केली. १७६६ मध्ये त्याने स्ट्रॉबेरीच्या जातींवर ग्रंथ लिहिला. चिलीची ती झाडे अमेदे फ्रेझिए या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १७१४ साली आणली होती आणि ती सगळी मादीच निघाली होती. चिलीच्या त्या जातीचा उत्तर अमेरिकेच्या व्हर्जिनियन जातीशी युरोपातील बागांत संकर झाला आणि त्यातून आजची बागायती स्ट्रॉबेरी जन्मली. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाफ्यांतून आपल्या घरी येते आणि जिला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले ती स्ट्रॉबेरी याच संकराची वंशज आहे. होबॉयचे रक्त तिच्यात नाही. होबॉयच्या पेशीत ४२ गुणसूत्रे आणि बागायतीच्या पेशीत ५६, त्यामुळे दोघींचे जमणे अवघडच. इटलीत तोर्तोना गावाच्या आसपास होबॉय अजून थोडीफार पिकवली जाते.

ऑर्गनमधील होबॉयबद्दल थोडक्यात लिहितो. चर्चच्या ऑर्गनमध्ये त्या वाद्यासारखा नाकातला सूर देणाऱ्या पत्तीच्या नळ्यांच्या ओळीला हे नाव असते, आणि जुन्या इंग्रजी ऑर्गनच्या, नळ्यांची ओळ निवडण्याच्या खुंटीवर ते तसेच कोरलेले सापडते. आपल्याला याहून जवळचे उदाहरण आहे. १८४० च्या दशकारंभी पॅरिसमध्ये दबॅं याने जो हार्मोनियम घडवला आणि ज्याच्या वंशात आपली पेटी येते, त्या फ्रेंच हार्मोनियमच्या ठरावीक रचनेत चौथ्या पत्तीसंचाला खालच्या अर्ध्या भागात ‘बासों’ आणि वरच्या अर्ध्या भागात ‘ओबवा’ असे नाव असे. आपल्या पेटीने सूर घेतले आणि ती नावे वाटेत सोडून दिली. जुन्या ऑर्गनच्या किंवा हार्मोनियमच्या वर्णनात ‘त्यात ओबो वाजत असे’ असे वाक्य आले तर ओबोवादक शोधू नये, खुंटी पाहावी.

नवे नावही स्वस्थ बसलेले नाही, हे जाता जाता नमूद करतो: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या एका रेडिओ-मार्गदर्शन यंत्रणेला ‘ओबो’ म्हणत, कारण वैमानिकाच्या कानात येणारा संकेतसूर त्या वाद्यासारखा वाटे. त्याच काळातील अमेरिकी संदेशवाहकांच्या वर्णमालेत ‘ओ’ हे अक्षर सांगण्यासाठीही ‘ओबो’ हाच शब्द होता.

शेवटचा मुद्दा आपल्या वाद्यांचा आहे आणि त्याबद्दल मला थोडे कठोर बोलायचे आहे. इंग्रजी मजकुरावरून बातमी करताना सनईचे वर्णन ‘भारतीय ओबो’ असे केले जाते. परदेशी वाचकाला कल्पना यावी म्हणून इंग्रजीत तसे म्हणणे समजू शकते, मात्र मराठी वाचकाला सनई समजावून सांगण्यासाठी ओबोचा आधार द्यावा हे विचित्र आहे. शिवाय तुलनाच करायची तर ती नेमकी करावी. देवळाच्या नगारखान्यात, लग्नाच्या मांडवात, चौघड्याबरोबर उघड्यावर वाजणे हे सनईचे काम पाहिले तर तिची बहीण शॉम, म्हणजे १६५० पूर्वीचा होबॉय. तिची शंकूसारखी नळी आणि खालचा धातूचा पसरट कर्णा पाहिला तरी हेच म्हणावे लागेल. तिच्या वादकाचे ओठ मात्र थेट पत्तीवर असतात. ओठांच्या दाबाने आणि अर्धवट उचललेल्या बोटांनी तो मींड घेतो, सूर खुलवतो आणि मिटवतो, आणि हे कसब दोन कळांच्या जुन्या ओबोच्या वादकाला ताबडतोब ओळखीचे वाटेल. कळांनी गच्च भरलेल्या आजच्या ओबोशी तिचे साम्य या दोघांहून कमी आहे. सोलापूरची सुंदरी तर सनईहूनही लहान आणि तिचा सूर आणखी वेगळा. तिला ‘छोटा ओबो’ म्हणण्याची वेळ आपल्या उपसंपादकांवर येऊ नये. वाद्यांच्या नावांची ढिलाई निरुपद्रवी नसते याचा अनुभव आपण २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत घेतलेलाच आहे, जेव्हा ‘ट्रम्पेट’ या चिन्हाला मराठीत ‘तुतारी’ असे छापले गेले आणि दोन निराळ्या चिन्हांवरून राज्यभर वाद झाला.

आपल्याकडे भाषाशैलीची टाचणे असतीलच. त्यांत जागा असेल तर माझी विनंती अशी की १६५० च्या आधीच्या होबॉयला ‘शॉम’, त्यानंतरच्या दीडशे वर्षांतल्या वाद्याला ‘जुना ओबो’, पलटणीतल्या माणसाला ‘लष्करी वादक’ आणि फळाला ‘कस्तुरी स्ट्रॉबेरी’ असे लिहिले जावे, आणि सनई व सुंदरी यांना त्यांच्या नावांपलीकडे काही जोडू नये. ‘मॅक्बेथ’च्या मेजवानीपुरता माझाही निर्णय अजून पक्का नाही. तेथे ‘सनई’ लिहावे, ‘शॉम’ लिहून तळटीप द्यावी, की नुसते ‘आत वाद्ये वाजतात’ एवढ्यावर भागवावे, याबद्दल प्रत्यक्ष नाट्यभाषांतर केलेल्या किंवा नाटक बसवलेल्या आपल्या वाचकांनी याच स्तंभात लिहिले तर ते वाचण्याची मला उत्सुकता आहे.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे